चढावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. हल्ली माझे डावे चाक गंजले आहे आणि बसायचे कापड मधोमध लोंबते आहे. मला बोलता येते हे कोणाला ठाऊक नाही, कारण माझ्याशी बोलते कोण?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्याला चकाकी दिली, चाके बसवली. पुढे मी एका रुग्णालयात कामाला लागले. तिथे लोक माझ्यात घाईने बसत आणि त्याहून घाईने उठत. मग नव्या खुर्च्या आल्या आणि मला एका गवंड्याने घरी नेले.

त्याच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला होता. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. एकच शब्द काय तो जिभेवर उरला होता : "जा." तहान लागली तरी "जा", उशी हवी तरी "जा", आणि नवऱ्याचे कौतुक वाटले तरी "जा"च.

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतोय," असे गवंडी शेजाऱ्यांना सांगे. शेजारी हसत. तीही अर्ध्या तोंडाने हसे.

आयुष्यभर विटा वाहिलेला माणूस तो. तिला उचलून माझ्यात बसवणे त्याला जड नव्हते. जड होते ते रोज बसवणे. न्हाऊ घालायचे, भरवायचे, वेणी घालायची, कामावर जायचे आणि भर दुपारी तिला कुशीवर वळवायला धावत परत यायचे. वर्षभर त्याने गुडघे टेकून देवाकडे तिची वाचा मागितली. ती काही आली नाही. मग त्याने प्रार्थनाच सोडली.

तिचे चर्च मात्र त्याने कधी चुकवले नाही. दर रविवारी तो मला चर्चच्या चढावरून ढकलत नेई, शेवटच्या बाकाशेजारी लावी आणि स्वतः बाहेर कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसे. आतून गाणी ऐकू आली की तो भिंतीचा सुटलेला गिलावा नखाने उकरत राही.

एका रविवारी उपासना संपली, माणसे पांगली. तो तिला न्यायला आत आला. तिने डाव्या हाताने बाकाची कड घट्ट धरली होती.

"अगं, सोड ना. घरी सगळं पडलंय."

ती सोडेना. त्याने तिचे एकेक बोट सोडवले. शेवटचे सुटेपर्यंत पहिले पुन्हा चिकटले. तेव्हा तो बाकावर बसला तो बसलाच. समोरच्या क्रूसाकडे न बघताच बोलू लागला.

"देवा, दमलो रे मी. खरं सांगू? कधी कधी वाटतं, सुटावी ही एकदाची. म्हणजे मी पण सुटेन. असला माणूस आहे मी. आता काय करायचं ते कर."

तिची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत, हे तो विसरला होता. ध्यानात आले तसे त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिने बाक सोडला. तोच हात त्याच्या मानेवर ठेवून ती म्हणाली, "जा."

"कुठं जाऊ? तुला टाकून कुठं जाऊ?"

तिने हनुवटीने समोर दाखवले. "जा."

तो गेला. वेदीपुढे त्याने गुडघे टेकले. या वेळी त्याने काहीच मागितले नाही. बराच वेळ त्याची पाठ हलत होती. मग ती स्थिर झाली. परत आल्यावर त्याने माझ्या मुठी धरल्या, पण आवळल्या नाहीत.

"प्रभूला सगळं ठाऊक होतंच," तो तिला म्हणाला. "तरी हाकललं नाही गं मला."

दाराशी चर्चचे पाळक उभे होते. त्यांनी उपदेश केला नाही. माझ्या मुठी आपल्या हाती घेतल्या.

"काका, ब्रेक कुठला हिचा?"

"ब्रेक कधीच गेला. हातच आहेत."

उताराच्या मध्यावर पाळकांना धाप लागली. "हे तुम्ही एकट्यानं करता?"

"चढापेक्षा उतारच जड साहेब. सोडून देता येत नाही."

घरी काहीच बदलले नाही. तेच न्हाऊ घालणे, तेच भरवणे. पण त्या दुपारी तो जेवून आडवा झाला आणि चक्क घोरू लागला. ती माझ्यात बसून त्याच्याकडे बघत राहिली. पुढल्या रविवारी तो बाकावर बसला. दमलेलाच होता, पण आत होता. चढावर कधी पाळक हात लावत, कधी वरच्या मजल्यावरची शिंपीण.

पुढे त्याची बायको झोपेतच गेली. गवंड्याने माझी चाके पुसली, तेल घातले आणि मला चर्चमध्ये आणून ठेवले. "लागेल कुणाला तरी," म्हणाला. काही वर्षे मी लागलेही. आता मागच्या खोलीत मोडक्या बाकांमागे उभी आहे. माझ्यावर जुने पडदे टाकले आहेत.

मित्रांनो, जमले तर माझ्या चाकांना थोडे तेल द्या. अजून कुणाला तरी न्यायचे बळ आहे माझ्यात. आणि रस्त्यात माझी एखादी बहीण दिसली, तर थांबा. तिच्यात बसलेल्याची चौकशी सगळेच करतात. तुम्ही ढकलणाऱ्यालाही विचारा, "दमलात का?" तो नाही म्हणेल. तरी एक मूठ धरा.