भेटबंदीचा सोमवार

मिसिसिपीच्या सखल भागात कोणत्या घरी साखरेचा डबा कुठे असतो, हे हॉलिस प्रुइटला पाठ होतं. स्वतःच्या घरात मात्र तो दर वेळी शोधावा लागे. जवळजवळ चाळीस वर्षं तो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी शाळकरी खेळाडू हेरत फिरला होता. मुलगा मैदानावर पारखायचा असतो, पण मिळवायचा असतो त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात, हे त्याचं साधं शास्त्र. त्यामुळे त्याचं निम्मं आयुष्य गाडीत गेलं आणि उरलेलं दुसऱ्यांच्या टेबलांवर.

त्याने काम सुरू केलं तेव्हा नियम नावालाच होते. सह्यांचा दिवस, म्हणजे मुलांनी विद्यापीठाशी करार करायचा दिवस, जवळ आला की मुलाला चार दिवस मासे पकडायला दूरच्या तळ्यावर न्यायचं, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाच्या माणसाला तो सापडत नसे. अशाच एका तळ्यावर हॉलिस असताना त्याच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होऊन गेला. ती आता ओरेगॉनला राहते आणि नाताळला फोन करते. पुढे नियम कडक झाले. आठवड्याला एकच फोन. तो हॉलिस रविवारी चर्च सुटल्यावर करायचा, आणि घरातले सगळे तो एक फोन हातोहात फिरवायचे. वसंतात शाळेत जाऊन खेळ बघायला परवानगी, पण मुलाशी किंवा त्याच्या आईवडिलांशी बोलायला नाही. समोर आलेच तर ‘हॅलो’ म्हणायचं आणि चालू लागायचं.

व्हर्लीन मल्ड्रोची आणि त्याची ओळख त्या एका शब्दापासून झाली होती. ती टॅलमेज गावच्या शाळेत जेवण वाढायची. तिचा डॅव्हियन बचावफळीत खेळायचा, आणि समोरचा चेंडू कुठे फेकणार हे त्याला इतरांपेक्षा क्षणभर आधी कळायचं. हॉलिस थाळी घेऊन रांगेत उभा राहिला.

“हॅलो, कोच,” ती म्हणाली आणि तिने मक्याच्या पावाचे दोन तुकडे वाढले.

“हॅलो, मिस व्हर्लीन.”

“एवढंच?” रांगेतली मागची बाई म्हणाली. “नवराबायकोचं भांडण झाल्यासारखे काय बोलता गं?”

उन्हाळ्यानंतर घरी जायची मुभा मिळाली तेव्हा तो त्या टेबलाशी बसला. निघताना व्हर्लीन दर वेळी निळ्या काठाच्या बशीत काहीतरी झाकून द्यायची. “बशी परत आणून द्यायची हं,” ती म्हणायची. म्हणजे पुढची भेट ठरलेली. टेबलावर हात ठेवून हॉलिसने तिला शब्द दिला होता: डॅव्हियनची जागा पक्की, शिक्षणाचा सगळा खर्च विद्यापीठाचा.

सह्या बुधवारी होत्या. सोमवारी दुपारी टकरने त्याला बोलावलं. टकर तिशीच्या आतला, व्यावसायिक संघातून आणलेला व्यवस्थापक. आता मुलं उघडपणे पैसे घेत होती, हंगाम संपला की एका विद्यापीठातून दुसऱ्यात जात होती, आणि ही सगळी देवघेव टकर बघत होता. वाईट माणूस नव्हता. हॉलिसच्या वाढदिवसाला त्यानेच केक आणला होता.

“मल्ड्रोची जागा गेली, कोच. ओहायोतला एक तयार गडी आपल्याकडे यायचं म्हणतोय. बावीस वर्षांचा आहे. त्याला शिकवायला दोन वर्षं घालवावी लागणार नाहीत.”

“आपण मल्ड्रोला शब्द दिलाय.”

“तुम्ही दिलाय.”

“या शर्टावरच्या नावाने दिलाय.”

टकरने डोळे चोळले. “हे बघा, ओहायोवाल्याच्या एजंटचं अजून पक्कं नाही. बुधवारपर्यंत कळेल. तोवर मल्ड्रोला काही बोलू नका. हा फिरला तर तो लागेल.”

“आणि नाही फिरला तर?”

“मग बुधवारी सकाळी सांगू त्याला.”

“आर्कान्सामधल्या एका लहान कॉलेजने त्याच्यासाठी जागा अडवून ठेवलीय. आज संध्याकाळी सहापर्यंत. मीच त्याला सांगितलं, त्यांना नाही म्हणून कळव.”

“मग काम झालंच की, आता तो कुठे जात नाही,” टकर म्हणाला. हॉलिसच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पुढचं वाक्य गिळलं. “कोच, मी नियम बनवत नाही. पण तुम्ही त्याला सांगितलंत, तर वर मला तुमची बाजू घेता येणार नाही.”

फोन तिथूनच करता आला असता. पण वाईट बातमी त्याने आजवर कुणालाही फोनवर दिली नव्हती. तो गाडीत बसला. मागच्या सीटवर व्हर्लीनची निळ्या काठाची बशी होती, धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळलेली.

कापसाची रानं रिकामी पडली होती. अर्धी वाट संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज सोमवार. सह्यांच्या आठवड्याची भेटबंदी सकाळपासूनच लागू झाली होती. इतकी वर्षं तो ही तारीख स्वयंपाकघरांच्या भिंतींवरच्या कॅलेंडरांत स्वतःच्या हाताने खुणा करून दाखवत आला होता, आणि आज तीच विसरला. फोन चालतो, भेट चालत नाही. त्याने उंबरठा ओलांडला आणि कुणी पाहिलं, तर चौकशी लागणार, तीत डॅव्हियनचंही नाव येणार. मग आर्कान्सावालेही हात झटकतील.

गाडी वळवावी असं त्याला वाटलं. तरी तो पुढे गेला. मल्ड्रोंच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्याने गाडी उभी केली. पाच वाजून गेले होते, उजेड उतरत होता. खिडकीत व्हर्लीन चुलीपाशी उभी दिसत होती. त्याने फोन लावला.

“कोच, फोन करून यायची सवय कधीपासून लागली?”

“मी बाहेरच आहे.”

“दिसतंय की. तुमच्या गाडीचा तो बंद पडलेला दिवा नाताळाआधी तरी बदला. आत या, मासे तळतेय.”

“आजपासून भेटबंदी आहे.”

ती हसली. “रस्त्यापलीकडून फोन. शाळेतल्या पोरापोरींसारखं. बरं, बोला.”

हॉलिसने सांगितलं. घोळवून सांगायचं ठरवलं होतं, पण घोळवण्याचे शब्द आत, त्या टेबलाशीच सुचत असत. खिडकीतली पाठ हलायची थांबली. मग तिचा हात चुलीकडे गेला आणि फोनमधली तळणाची चरचर बंद झाली.

“माझ्या टेबलावर हात ठेवून बोलला होतात तुम्ही.”

“हो.”

“मी त्याच्या मामांना सांगितलं. चर्चमध्ये उभं राहून सांगितलं.”

“हो.”

“तुम्ही आज हे सांगताय, ते तिथल्या लोकांना माहीत आहे?”

“नाही. मिस व्हर्लीन, डॅव्हियनने आर्कान्साला नाही कळवलं का?”

“व्यायाम करून आताच आलाय. जेवल्यावर करणार होता फोन.”

“त्याला द्या.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. पूर्वी रविवारी यायचा तसाच.

“ऐक, डॅव्हियन. तुझ्या खेळात काही कमी नाही. जागा माझ्या हातात राहिली नाही, आणि ते मला आज दुपारी कळलं. आर्कान्साचे कोच लोवेल भले गृहस्थ आहेत. त्यांना आत्ता फोन कर, येतो म्हण. मी फोन केला होता असं सांगू नकोस, नाहीतर आमच्याकडून नाकारलेला मुलगा म्हणून घेतील ते तुला.”



“तुम्हाला आधी माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“बरं, सर,” मुलगा म्हणाला. वर्षभर तो त्याला कोच म्हणत आला होता.

फोन बंद झाला. आता काचेपलीकडे जे घडत होतं त्याला आवाज नव्हता. डॅव्हियन फोन कानाला लावून खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात होता. दिसेनासा व्हायचा, पुन्हा यायचा. व्हर्लीन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती हॉलिसचीच खुर्ची होती. तिचा एक पाय डुगडुगतो, तिच्यावर बसताना थोडं डावीकडे कलावं लागतं. गाडीची काच त्याच्या श्वासाने धूसर होत होती आणि तो ती बाहीने पुसत होता. डॅव्हियन थांबला. त्याने मान डोलावली, एकदा, मग भराभर. व्हर्लीनने त्याचं डोकं ओढून खांद्यावर घेतलं.

हा क्षण हॉलिसने कितीतरी घरांत पाहिला होता, नेहमी आतून. आई रडायची, मग हसायची, मग त्याच्याकडे वळून म्हणायची, तुम्ही जेवूनच जायचं. आजचा क्षण कोच लोवेलचा होता, आणि तो बिचारा इथे नव्हताही.

फोन वाजला. टकरचं नाव होतं. हॉलिसने तो वाजू दिला.

दार उघडलं. व्हर्लीन अंगणातून चालत आली, रस्ता ओलांडला नाही. अंगणाच्या टोकाच्या टपालपेटीवर तिने चंदेरी कागदात झाकलेलं काहीतरी ठेवलं. हॉलिसने काच खाली केली.

“हॅलो, कोच.”

“हॅलो, मिस व्हर्लीन.”

ती वळून घरात गेली आणि तिने दार लावलं. तिच्या त्या एका शब्दात नियम किती होता आणि राग किती, हे वेगळं काढून बघायची सोय नव्हती.

तो उतरला आणि रस्ता ओलांडून गेला. चंदेरी कागदाखाली मासे होते, मक्याच्या पावाचे दोन तुकडे होते, आणि बशी कागदी होती. वापरून टाकून द्यायची. तो ती हातात धरून उभा राहिला; तिची ऊब तळव्याला लागत होती.

मग गाडीतून त्याने टॉवेल सोडून निळ्या काठाची बशी आणली आणि टपालपेटीवर ठेवली. वाऱ्याने पडू नये म्हणून ती पेटीच्या मधोमध सरकवली. आत दोघं जेवायला बसत होते. डॅव्हियनने त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून पाय लांब केले. त्याला कलायची सवय होती.