शेवळाची खाज आणि पापांची यादी

कमळाकर भोईरचा फायदा उघड होता. महाराजांना क्लबहाउस फुकट दिलं की विचुंब्याच्या हरिधारा सोसायटीत सेक्रेटरीपद तिसऱ्यांदा बिनविरोध. पण ती वरकड कमाई. खरा लाभ वेगळाच होता. बायकोचा, आशालताचा, हात थरथरायचा म्हणून रोज सकाळी तिला इन्सुलिनची सुई टोचायचं काम याच्याकडे, आणि सुई दिसली की या सहा फुटी गड्याला घेरी यायची. ‘सुई बंद’ म्हणणारा माणूस त्याला देवच वाटणार होता.

तो माणूस म्हणजे वनानंद महाराज. वर्षभरापूर्वी ते उलव्यात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. आता माणसं शुद्ध करत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबहाउसात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबल टेनिसच्या टेबलावर महाराज, त्यांच्याखाली व्याघ्राजिन. टॉवेलचं होतं, पण पट्टे पक्के होते.

“बारा वर्षं रानात फिरलो, तेव्हा ही सत्यमूळी हाती लागली,” महाराज बाटली उंचावून म्हणाले. “पाप्याचा घसा धरते! खाज सुटली की समजा, रोगाचं मूळ वर आलं. कबूल करा, अमृत प्या, रोग गेला. बाटली अकराशे रुपये. जीएसटी महाराज स्वतः सोसतात.”

एकेक जण पुढे येई, चिमूटभर भुकटी जिभेवर घेई आणि दोन मिनिटांत घसा धरून नाचू लागे. तिसऱ्या मजल्यावरच्या अपूर्वने खोकत खोकत कबूल केलं, की लिफ्टमध्ये मुतणारा कुत्रा त्याचाच. समीक्षाने सांगितलं, की पहिल्या बक्षिसाचा हातांनी बनवलेला आकाशकंदील तिने ऑनलाइन मागवला होता. कबुली झाली की अमृताचा घोट, घोट घेतला की खाज गायब, आणि खाज गेली की टाळ्या. महाराज स्वतःही त्याच बाटलीतली चिमूट खात. आधी अमृताचं आचमन करत, मग चिमूट घेत आणि ढिम्म हलत नसत.

कमळाकरने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमधली आपली टक्केवारी कबूल केली. एरवी लोकांनी त्याला गच्चीवरूनच खाली सोडला असता. आज गळ्यात पडून रडले. मग महाराजांनी फर्मावलं, “बायकोची सुई अकरा दिवस बंद. त्याऐवजी दोन वेळा अमृत.”

“अवो, डॉक्टरना इचारा तरी,” आशालता घरी म्हणाली.

“डॉक्टरनं कंदी कुणाचं पाप भायेर काढलंय?” कमळाकर म्हणाला.

अमृतात गूळ होता, कापूर होता. सहाव्या दिवशी आशालताची साखर पाचशेवर गेली. उलट्या झाल्या, शुद्ध हरपू लागली. तीन रात्री ती आयसीयूत होती. डॉक्टरांनी कमळाकरची अशी खरडपट्टी काढली, की सुई पुन्हा सुरू झाली.

महाराज मात्र हलले नाहीत. “औषध चुकलं नाही, पाप उरलंय. रविवारी तिलाच आणा.” तिने कबूल केलं नाही तर सुई पुन्हा बंद, असं ठरलं. ठरवलं महाराजांनी आणि कमळाकरने, जिच्या जिवाचा प्रश्न होता तिला कुणी विचारलंच नाही.

रविवारी आशालताने चिमूट तोंडात टाकली. घशात काटे उठले. डोळे मिटून ती जीभ टाळूवर फिरवत राहिली.

“बोल बेटा, काय लपवलंस?”

“ही खाज माझ्या वळखीची हाय.”

“पापाची ओळख पटली!”

“पापाची नाय, शेवळाची. माझं लगीन झालं त्या वर्साला शेवळाच्या भाजीत काकडं घालायची इसरले. आख्खं घर असंच घसा धरून बसलेलं. सासूनं पाप नाय इचारलं. म्हणाली, ‘काकडं घातलीस का गो?’”

समोर बसलेल्या निम्म्या बायका दर जूनला शेवळाचे रानटी कोंब चिरत आणि आंबट काकडफळं घातल्याशिवाय ती भाजी चुलीवर चढवत नसत. तेच शेवळ वाळवून, चाळून, लेबल लावून बाटलीत आलं, तर एकीलाही ओळखू आलं नाही. ताटातली भाजी बाटलीत शिरली, की तिची दैवी वनस्पती होते.

फाटकाशी रानभाज्या विकणाऱ्या गोदूला कुणीतरी बोलावून आणलं. महाराजांना पाहताच ती म्हणाली, “ह्योच तो! रोज पाच किलो शेवळं नि तेवढीच काकडं नेतो. मी म्हटलं, खानावळ हाय वाटतं!”

“महाराज,” आशालता अमृताची बाटली पदराखाली घेत म्हणाली, “तुमी चिमूट घ्या. आचमन मागनं.”

“आज माझं मौन आहे.”

“मंग इतका वेळ कोन बोलत व्हता?” गोदूने विचारलं.

लोकांनी महाराजांना घेरलं. महाराजांनी चिमूट घेतली, चेहरा शांत ठेवला, दीड मिनिट ठेवला. मग मान वाकडी झाली, डोळ्यांना धारा लागल्या, टॉवेलचं व्याघ्राजिन तोंडात गेलं.

“बोला महाराज,” अपूर्व म्हणाला, “काय लपवलंत?”

“काकडाचं पाणी! पाणी द्या!” महाराज किंचाळले. टाळ्या पडल्या, पूर्वीपेक्षा जास्त.

यात गूढ काही नाही. शेवळात, अळूत असतात तसे, सुईसारखे टोकदार सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशात रुततात. आंबटाने ती खाज शमते. एका सुईला भिऊन कमळाकरने हजारो गिळल्या होत्या. खाज पापी आणि पुण्यवान असा भेद करत नाही. पाप तर ज्याच्या त्याच्यापाशी थोडंफार असतंच, म्हणून महाराजांचा नेम कधी चुकत नव्हता. रानपाला खोटा नाही. शेवळाची भाजी करा, खोकल्याला अडुळशाचा काढा घ्या. पण कुणी चालू औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरला विचारा. आणि चमत्कार दिसला, तर तोच चमत्कार करणाऱ्यावर करून बघा.

पोलीस आले. तक्रारीवर सही करायला कुणी पुढे होईना. आपण काय काय कबूल केलं, ते चौकीत पुन्हा सांगायची तयारी नव्हती. सही एकट्या आशालताने केली. त्रेसष्ट घरांचे प्रत्येकी अकराशे रुपये गेले, त्यातले निम्मे परत मिळाले. कमळाकरचं पद गेलं. आयसीयूतल्या तीन रात्री मात्र आशालताच्या वाट्याला आल्या. आणि बाटली घेतली होती कमळाकरने; मागणाऱ्या त्रेसष्टांत तिचं नाव नव्हतं.