सदतिसावी गाडी

मित्रांनो, मी एक जुना हमाल आहे; फक्त मला पाठ नाही. वय तीन वर्षे. संगणकाच्या जगात याला म्हातारपण म्हणतात.

आर्वीकडच्या एका कापूस बाजारासाठी प्रोग्रामर रुचिकाताईंनी मला, म्हणजे एका छोट्या प्रोग्रामला, लिहिले. वजनकाट्याचा प्रोग्राम रस्ट या कडक भाषेतला. तिथे प्रत्येक गोष्टीचा डबा ठरलेला. बाहेर लोकांना दिसणारा पडदा जावास्क्रिप्ट या सैल भाषेतला. तिथे सगळे एका पिशवीत. डब्यातले पिशवीत आणि पिशवीतले डब्यात भरणे, हे माझे काम. चाचणीत मला एक, दोन, तीन दिले. मी न सांडता नेले. टाळ्या वाजल्या. मग सगळे मला विसरले. काम नीट करणाऱ्याचे असेच होते.

यंदा बाजाराच्या सचिवसाहेबांनी फर्मावले, "गाडीच्या नंबरातच तारीख, गाव, सगळं कळलं पाहिजे." नंबर सतरा आकडी झाला, शेवटी रांगेतला क्रम. डब्यात आरामात मावला. पिशवीला मात्र एवढा लांब आकडा पूर्ण धरता येत नाही. शेवटचे आकडे ती अंदाजाने ठेवते. मला कोणी विचारले नाही, मीही बोललो नाही.

पहिल्याच शनिवारी छत्तिसावे बबनराव आणि सदतिसाव्या कमलाबाई, पडद्यावर दोघेही छत्तीस! अशा बऱ्याच जोड्या जमल्या. सगळ्यात मोठा आवाज कमलाबाईंचा. बबनरावांचे वजन होताच 'छत्तीस झाले' म्हणून कमलाबाईंचेही नाव पडद्यावरून गेले. पाचला काटा बंद, पुढे दोन दिवस सुटी, आणि कापूस उघड्या गाडीत.

"बबनराव, तुमच्या मागं मीच होती ना?"

"होती ना मावशी. पण मशीन म्हणते तुमी आल्याच नाई."

"मंग इथं बोंबलून कोण राह्यलं?"

रुचिकाताई धावत आल्या. "आतून तर नंबर बरोबर निघतोय, मावशी."

कमलाबाईंनी आपल्या नंबराची चिठ्ठी पुढे केली. "पोरी, याची बेरीज करून राह्यली का तू? हे त माह्या गाडीचं नाव हाय. नावासारखं जसंच्या तसं नेजो!"

ताई तशाच संगणकाकडे वळल्या. मग त्यांनी मला एकच ओळ शिकवली: नंबर आकडा म्हणून नाही, अक्षरे म्हणून न्यायचा. पावणेपाचला सदतीससकट सगळ्या हरवलेल्या गाड्या पडद्यावर आल्या. कमलाबाईंचा कापूस काट्यावर चढला.

जाताना त्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याले सांगजो, मी आलती."

मित्रांनो, माझ्यासारखा हमाल कधी घडवलात, तर एक, दोन, तीन देऊन टाळ्या वाजवू नका. आधी सगळ्यात लांब नंबर देऊन पाहा. शेवटच्या आकड्यापाशी कोणीतरी कापूस घेऊन उभे असते.