माईक बंद झाल्यावरचं भाषण

माझी बायको माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलली ते मला ऐकू आलं नाही, दिसलं. आम्ही दोघं कापड गिरणीत विणकर होतो, समोरासमोरच्या मागांवर. सगळे माग एकदम चालू असले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळत नाही. म्हणून मागावरची माणसं आवाज काढतच नाहीत. ओठ ठसठशीत हलवायचे आणि समोरच्यानं वाचायचे. नवा माणूस हळूहळू शिकतो. नाही शिकला तर वेडा होतो. ती मला म्हणाली, "तुझा धागा तुटलाय, माझ्याकडे काय बघतोस?" धागा खरंच तुटला होता.

लग्नानंतर चारचौघांत ती मला अहो म्हणायची, मागावर तू. अहो म्हणताना ओठ नीट हलत नाहीत, लांबून वाचता येत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते सोयीचं कारण वाटायचं.

पुढे ती युनियनची पुढारी झाली, मग निवडून गेली आणि शेवटी सभागृहात विरोधी पक्षनेती झाली. तोवर मागांनी तिचे कान खाल्ले होते. सत्ताधारी बाकांवर हसायचे, बरं झालं, बहिरी मिळाली, आता खुशाल काहीही बोला. एकदा एक मंत्री शेजारच्या मंत्र्याच्या कानात म्हणाला, "हिला चहाला बोलवू. गिरणीवाली आहे, तेवढ्यावर गप्प बसेल." ही समोरच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "चहा मी घरून पिऊन आलेय. विचारलंय त्याचं उत्तर द्या." तेव्हापासून मंत्री तोंडापुढे कागद धरून बोलायला लागले.

तिच्या शेवटच्या भाषणाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिरणी बंद पडली होती. राहिली होती ती कामगार वसाहत, म्हणजे आमची बैठी घरं, आणि घरांखालची जमीन. ती जमीन बिल्डरला द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा ती विरोधात बोलायला उठली. दोन वाक्यं झाली आणि तिचा माईक बंद केला गेला. बहिरीला माईक बंद झालेला कळलाच नाही, ती तशीच बोलत राहिली, असं दुसऱ्या दिवशी पेपरात गमतीनं छापून आलं. खोटं आहे ते. माईकवरचा लाल दिवा विझलेला तिनं बघितला होता. मग तिनं मान वर केली. प्रेक्षकांच्या गॅलरीत मी बसलो होतो. माझ्याकडे बघून तिनं उरलेलं सगळं भाषण ओठांनी केलं, मागावर बोलायची तसं.

ती म्हणाली, "ही घरं आम्हाला कुणी दान दिलेली नाहीत. संपात आमची माणसं गेली तेव्हा ती मिळाली. मला आता फार दिवस नाहीत. उद्या माझं नाव घेऊन कुणी ही घरं मागायला आलं, तर त्याला दारात उभं करू नका." आणि खाली बसता बसता, "तू गोळी घेतलीस का?"

मी वरून मान हलवली. घेतली होती.

तेव्हा प्रस्ताव बारगळला. त्यानंतर ती फार जगली नाही. कॅमेऱ्यानं तिचं चित्र टिपलं होतं, पण त्यात आवाज नव्हता, कारण तिनं आवाज काढलाच नव्हता. मी मुलाला सांगितलं, आई असं असं म्हणाली. तो म्हणाला, "बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला फोटोतसुद्धा ती बोलताना दिसते." हे खरंच आहे. पण ते भाषण तिच्या जिवंतपणीचं.

मुलाला आम्ही ओठ वाचायला शिकवलं नाही. वसाहतीत कुणीच पोरांना शिकवलं नाही. त्यानं गिरणीची पायरी चढू नये, असं दोघांनाही वाटायचं. घरात आम्ही ओठांनी भांडायचो, तो बिचारा अभ्यास करत बसायचा. आईबाप किती शांत आहेत, असं त्याला वाटायचं.

मागच्या महिन्यात धोट्या घरी आला. हे तिनं ठेवलेलं नाव. मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, तसा हा संपात मॅनेजरच्या केबिनमधून युनियनच्या खोलीत आणि तिथून परत केबिनमध्ये निरोप घेऊन पळायचा. आमच्याच खात्यातला विणकर. तिनं त्याला हाताला धरून वर आणला. आता तो तिच्या पक्षाचा अध्यक्ष आहे, आणि पक्ष सरकारात जाऊन बसलाय, त्याच मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून.

"दाजी, ताईंवर फिल्म केलीय," तो म्हणाला. "वसाहतीच्या हॉलमध्ये दाखवणार. पहिला मान तुमचा."

"आणि नंतर?"

"नंतर काय, रहिवाशांची छोटी सभा. नवी योजना आहे. जुनी घरं पाडून टॉवर. टॉवरला नाव ताईंचं."

"तिनं नको म्हटलं होतं."

"काळ बदलला, दाजी."

"काळ बदलला, की तू?"

तो हसला. "तुमची जीभ काय म्हातारी होत नाही."

मुलानं त्याला चहा दिला. टॉवरमध्ये लिफ्ट असेल का, हे त्यानं दोनदा विचारलं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या बायकोला सकाळी पाण्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं. पण धोट्या गेल्यावर तो म्हणाला, "आईला माणसांचं भलंच हवं होतं ना? आज असती तर हो म्हणाली असती." मी म्हटलं, "नसती म्हणाली." आमचं घर त्याच्या नावावर आहे. सभेत घरामागे एक हात, आणि आमच्या घराचा हात त्याचा. मला एवढंच हवं होतं की तो हात तिच्या नावानं वर जाऊ नये.

हॉलमध्ये पुढे गाद्यांच्या खुर्च्या होत्या, मागे बाकडी. जुने विणकर सवयीनं मागे बसले. मला पुढे बसायला सांगितलं, मी मागे गेलो. माझ्या शेजारी, आम्ही सगळे जिला तोफ म्हणतो, ती बसली होती. ही माझ्या बायकोच्या बाजूच्या मागावर काम करायची. तीही बहिरी. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून कायम ओरडून बोलते. "भाऊ, फिल्म मोठी आहे का?" तिनं विचारलं आणि अख्ख्या हॉलनं वळून बघितलं.

फिल्म सुरू झाली. गिरणीचं गेट, मोर्चा, ती भोंगा हातात घेऊन उभी. मला रडू आलं ते खोटं नव्हतं. मग पडद्यावर सभागृह आलं, आणि एक माणूस म्हणाला, "ताईंचं शेवटचं भाषण, आज प्रथमच आवाजासह."

आवाज चांगला होता. कुणा नटीचा असावा. जड, मायाळू. तो म्हणाला, "माझ्या कामगार बंधूंनो, जुन्याला किती दिवस कवटाळून बसायचं? तुमच्या मुलांना चांगली घरं मिळोत, हेच माझं शेवटचं मागणं." पडद्यावर तिचे ओठ म्हणत होते, संपात आमची माणसं गेली तेव्हा ती मिळाली.

मागच्या बाकड्यांवर कुणी हललं नाही. सगळे वाचत होते. कित्येक वर्षांनी ती त्यांच्याशी बोलत होती, आणि हॉलमध्ये दुसरीच बाई बोलत होती. तोफेला तर तो आवाज ऐकूच येत नव्हता. तिला फक्त खरं भाषण मिळत होतं. ती मान डोलवत होती. शेवटी आवाज "धन्यवाद" म्हणाला आणि पडद्यावर माझी बायको म्हणाली, तू गोळी घेतलीस का.

तोफ माझ्याकडे वळून ओरडली, "घेतलीस का रे?"

पुढच्या खुर्च्यांवर हशा पिकला. माझा मुलगा हसला नाही. तो डोळे पुसत होता. वळून मला म्हणाला, "बाबा, आईचा आवाज किती हुबेहूब घेतलाय."

मी उठलो. मंचावर गेलो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. माईक हातात घेतला आणि म्हटलं, "हे ती बोललेली नाही. मी तिथे होतो. ती म्हणाली की माझं नाव घेऊन कुणी घरं मागायला आलं..."

माईक बंद झाला. बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तार होती, आणि तो छताकडे बघत होता.

मी ओरडलो असतो. पण हॉलमधले स्पीकर मोठे, त्यांवर लगेच तिचंच गौरवगीत वाजायला लागलं. मग मी ओठांनी बोललो. मागच्या बाकड्यांना सगळं सांगितलं, तिनं मला सांगितलं तसं. ते वाचत होते, मान हलवत होते, पण त्या गाण्यात त्यांनी पुढच्या पोरांना काही सांगितलं असतं तरी पोचलं नसतं. पुढच्या खुर्च्यांवरच्या पोरांना एक म्हातारा गाण्याच्या तालावर तोंड हलवताना दिसला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा आला, दंडाला धरून मला खाली नेलं आणि सुनेला म्हणाला, "पाणी दे यांना, चक्कर येतेय."

मग हात वर करायला सांगितलं. घरं सगळी आता मुलांच्या नावावर. मागच्या बाकड्यांना हातच नव्हते. पुढे एकेक हात वर गेला. माझ्या मुलानं हात वर करण्याआधी पडद्याकडे बघितलं. तिथे तिचा फोटो थांबवून ठेवला होता, तोंड अर्धवट उघडं. त्याकडे बघत त्यानं हात वर केला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. हेच मला सहन होत नाही.

बाहेर धोट्याची गाडी उभी होती. मी गाडीपाशी गेलो. तो काच खाली करून म्हणाला, "दाजी, तब्येतीला जपा."

"तू आमच्या खात्यात होतास. तू वाचलंस ना?"

तो धोट्या असला तरी माझ्यासमोर खोटं बोलला नाही. "वाचलं," म्हणाला. "फिल्म करताना पन्नासदा वाचलं. झोप उडाली होती माझी."

"मग?"

"मग आली झोप." त्यानं काच वर केली.

काच बंद केली की आपलं बोलणं बाहेर जात नाही, असं त्याला वाटलं. बंद खोल्यांत बसून तो आपण कोण होतो ते विसरला. काचेतून मला त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं. ड्रायव्हरला तो म्हणाला, "बरं झालं, पोरांना ओठ वाचायला शिकवलं नाही यांनी."

गाडी गेली. मुलगा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. "काय म्हणाले ते?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं. आवाज काढला नाही. काढावासाच वाटला नाही.

"बाबा, काय? ऐकू नाही आलं."

मी परत सांगितलं, तसंच, सावकाश, ओठ ठसठशीत हलवून. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. त्याच्यामागे तोफ उभी होती. तिनं माझे ओठ वाचले, आणि सगळ्या वसाहतीत ऐकू जाईल अशा आवाजात तेच वाक्य म्हणून दाखवलं.

दारादारांतून माणसं बाहेर आली. काय झालं, काय झालं, विचारू लागली. हात वर होऊन गेले होते.