जीभ बांधलेली घंटा

मित्रांनो, मी पितळेची जुनी हातघंटा. जातीची घंटा असून चार वर्षं मुकी राहिले, हे सांगताना आजही मान वर होत नाही.

माझं माहेर एस्टोनिया. तिथे समुद्रकाठच्या एका माध्यमिक शाळेत मला वर्षातून एकच काम असे, पण मानाचं! बारावीच्या शेवटच्या दिवशी मोठी मुलं केसांना फिती बांधून, लहान मुलांसारखी नटून येत. त्यांच्यातला सगळ्यांत उंच मुलगा पहिलीतल्या एका मुलीला खांद्यावर घेई आणि ती मला वाजवत साऱ्या वर्गांपुढून जाई. एवढी थोराड मुलं, पण हमसून रडत.

शाळेने नवी घंटा घेतली, तेव्हा मला एका माजी विद्यार्थ्याने मागून नेलं. हा तोनू, जहाजावरचा इलेक्ट्रिशियन. सिंगापूरला तो आजारी पडला, तेव्हा त्याच जहाजावरच्या उद्धवरावांनी त्याला चोआ चू कांगच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. त्यांच्या पत्नी मधुमतीबाईंनी त्याला मऊ भात भरवून उभा केला. गोदीच्या फाटकाशी निरोप घेताना त्याने मला उद्धवरावांच्या हाती दिलं. "तुझ्या लेकीची, अश्लेषाची बारावी संपली की वाजवा. शेजारच्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून."

उद्धवरावांनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते सदा पुढे, ऐकण्यात मात्र बाकी शून्य.

"अहो, बरी आणलीत! देवघरात घंटा नव्हतीच," बाई म्हणाल्या. चिंचेने घासून मला देवापुढे बसवलं.

आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम दारात. "आंटी, एव्हरी मॉर्निंग सो लाउड लाह! माय बेबी स्लीपिंग!"

बाईंनी जुन्या साडीची चिंधी माझ्या जिभेला गुंडाळली आणि लिमबाईंशी बोलणं टाकलं. आरतीला मी हलायची, थप थप. पाहुणे चमकून बघत. "देवाला ऐकू येतं," बाई म्हणत. देवाचं ठाऊक नाही, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

अश्लेषाचं ज्युनिअर कॉलेज संपलं. दुसऱ्या दिवशी ती शिकायला पुण्याला निघणार, आणि नेमका तोनू जेवायला आला. "वाजवली?" त्याने विचारलं.

उद्धवरावांनी कपाळावर हात मारला आणि गोदीवरचा निरोप चार वर्षांनी बाईंना सांगितला. तोनूने मला उचललं. थप. तो हसला नाही, चिंधीकडे बघत राहिला. बाईंचा चेहरा उतरला.

"आई, इट्स ओके लाह," अश्लेषा म्हणाली, पण तिची नजर माझ्यावरून हलेना.

बाईंनी दातांनी गाठ सोडली आणि जिना उतरल्या. आल्या त्या लिमबाईंना आणि त्यांच्या मेईला घेऊन. रडणारं ते बाळ आता बालवाडीत जात होतं.

"फोर इयर्स यू डोन्ट टॉक टू मी. नाऊ यू वॉन्ट माय मेई?"

"सॉरी," बाई म्हणाल्या. एवढंच.

"हाय्या. वन टाइम ओन्ली. बट लाउड, हां!"

मेई अश्लेषाच्या खांद्यावर बसली. पहिला ठोका घोगरा निघाला, चिंधीचा धागा अडकला होता. एवढ्या लोकांत मी ओशाळले. दुसरा मात्र थेट लिफ्टपर्यंत गेला. शेजारची दारं उघडली. अश्लेषा हसत निघाली आणि कॉरिडॉरच्या टोकाला पोचेतो रडत होती.

मित्रांनो, कुणी वस्तू दिली तर तिच्याबरोबर दिलेले शब्दही जपून घरी न्या. ती चिंधी बाईंनी टाकली नाही. घडी करून माझ्याखाली घातली आहे. तिच्यावर बसताना मला अजून लाज वाटते. आणि आरतीआधी मला उचलताना बाईंनाही वाटत असावी, कारण मेई शाळेला निघाली का, हे त्या हल्ली आधी खिडकीतून खाली बघतात.