रुपी आज कुठं गेली

माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर आपल्या आईला कॉम्प्युटरमधून जगभर फिरवलं आणि मला एकदाही नाही. हा माझा जुना राग आहे, तो आधीच सांगून टाकते.

त्याचं असं असतं, नवा प्रोग्रॅम लिहिला की तो नीट चालतो का हे बघायला खोटी माणसं लागतात. खोटं नाव, खोटं वय, खोटा पत्ता. बाकीचे इंजिनियर काहीतरी अगम्य अक्षरं बडवून मोकळे होतात. मंगेश मात्र पुण्यातल्या पहिल्या नोकरीपासून एकच नाव टाकायचा: रुपी, मुक्काम साखरशेत, तालुका जव्हार. बँकेचा प्रोग्रॅम केला तेव्हा सासूबाई करोडपती झाल्या. विमानाच्या तिकिटांचं काम आलं तेव्हा त्या सकाळी दिल्लीला आणि दुपारी कोचीला. इस्पितळाच्या कामात तर बाळंतपणापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं त्यांच्याच माथी. मी म्हणायचे, "एखादं तिकीट बायकोच्या नावानं काढ की!" तर म्हणायचा, "प्रगती, तू खरोखर जातेस. ती कुठं जाते?"

तेही खरंच होतं. सासूबाई तेव्हा भर पावसात दुसऱ्याच्या शेतात भात लावत असायच्या.

साखरशेतात मोबाइल पोचल्यावर तर हा रोजचाच खेळ झाला. संध्याकाळी फोन लागला की त्यांचा पहिला प्रश्न, "आज कुठं गेले मी?" मंगेश रंगवून सांगायचा. विमान केवढं होतं, खिडकीतून काय दिसत होतं, जेवायला काय दिलं. त्या निमूट ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "आन् कोन कोन होतं तिथं?"

"पुष्कळ माणसं होती, आये."

"बरं," म्हणून त्या फोन ठेवायच्या. म्हातारीला गंमत वाटते, असं मी धरून चालले होते.

पुढं कंपनी सोडून तो सरकारी खात्यात गेला. पगार निम्मा आणि डोक्याला ताप दुप्पट. राज्यभरातल्या लोकांच्या याद्या जुळवायचं काम होतं. रविवारीसुद्धा घरी नसायचा; काय ते मीटिंगचं वेड, म्हणून मी महिनोन्‌महिने धुसफुसत होते. शेवटी तिथूनही लवकर निवृत्ती घेतली आणि जव्हारच्या एका कॉलेजात शिकवायला लागला. म्हणाला, आता आईजवळ राहू. पण आई कसल्या येतायत! साखरशेतातलं घर सोडायचं नाव नाही. "मंगेशचा बापूस आला आन् दाराला कुलूप बगितलं तर?"

सासरे, मंगेश पहिलीत असताना, भिवंडीकडे खाडीत रेती काढायला गेले होते. होळीला गावातली सगळी माणसं परतली, ते परतले नाहीत. मुकादमानं सांगितलं, तो केव्हाच काम सोडून निघाला. प्रेत सापडलं नाही, की कुणी कुठं पाहिल्याचं कानावर आलं नाही. सासूबाईंनी गळ्यातली काळी पोत काढली नाही आणि दिवस घालायलाही नकार दिला. गावानं दोनदा विषय काढला आणि मग सोडून दिला.

गेल्या हिवाळ्यात त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुझं मशीन दाव मला." मंगेशला कोण आनंद! लग्नाला निघाल्यासारखा गाडी पुसत बसला. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, आणि आम्ही तिघं कॉलेजात गेलो.

लॅबमध्ये मुलं उभी राहिली. त्यांनी गावच्या नोंदींचा एक प्रोग्रॅम केला होता आणि सरांची रीत म्हणून पहिलं नाव रुपीचंच होतं. सगळी पोरं त्यांना नावानं ओळखत होती. खोडाळ्याच्या करिष्मानं स्वतःची खुर्ची दिली. सासूबाईंनी पडद्याला हळूच बोट लावलं.

"ही मी?"

"हो, आये."

"आन् इथनंच समदीकडं जाते?"

"इथूनच."

"मग आता त्यांना बघ."

मंगेशनं माझ्याकडे बघितलं. करिष्माला काय माहीत बिचारीला. ती उत्साहानं म्हणाली, "नाव सांगा आजी, मी शोधते."

सासूबाईंनी पदर तोंडावर धरला. मग खाली बघत म्हणाल्या, "जिव्या." इतक्या वर्षांच्या संसारात सासऱ्यांचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"बँकेत गेले, इमानात गेले, दवाखान्यात गेले," त्या मंगेशला म्हणाल्या. "कुठंतरी गाठ पडंल म्हनून रोज इचारत होते, कोन कोन होतं. तू कवा बोलला नाय. आता मशीन म्होरं हाय, तर बघ."

करिष्मानं नाव टाकलं. नोंद सापडली नाही, असं पडद्यावर आलं. तिनं सरांकडे बघितलं. एक ओळ लिहिली असती तरी जिव्या तिथं आला असता. वर्गातल्या कुठल्याही पोराला ते जमलं असतं. मंगेशचा हात कीबोर्डपर्यंत गेला. खरं सांगते, मी मनातून त्याची विनवणी करत होते: टाक की रे एक नाव! जन्मभर खोटी नावं टाकलीस, आज कसलं खरं घेऊन बसतोस?

त्यानं हात मागं घेतला.

"आये, तो यात नाही. मी सरकारात होतो तेव्हाच शोधलं. सगळ्या याद्या पाहिल्या. त्या नावाची माणसं होती, त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. आपला बाबा त्यांत कुणीच नव्हता."

त्याचे रविवार कुठं गेले ते मला तेव्हा कळलं. मलासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं.

सासूबाई पडद्याकडून मंगेशकडे वळल्या. "तवाच सांगायचं ना."

"तू रोज फोनवर वाट बघायचीस. माझ्यानं सांगवलं नाही, आये." आणि मंगेश भर वर्गात रडायला लागला. पोरं माना खाली घालून उभी राहिली.

त्यांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच मला बघवेना.

"मग मला काढ यातनं," त्या म्हणाल्या.

"आये, असं नको म्हणूस."

"ते नायत तर मी एकली कशाला फिरू? दमले रं मी."

मंगेशनं स्वतःच्या हातानं ती नोंद उघडली आणि काढायचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली आणि तो थांबला.

"काय इचारतंय?"

"नक्की काढायचं का, म्हणून विचारतंय."

"हो म्हन," सासूबाई म्हणाल्या, आणि उठायला त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला.