अक्षरं सरळ होती

शहरातल्या झाडून सगळ्या बँडांची पोस्टरं मामाच करायचा. खरं तर तो एकटीचाच मामा. पण भाचीच्या बँडमधल्या पोरांनी ते नाव उचललं, त्यांच्याकडून बाकीच्यांनी, आणि आता निम्मं शहर त्याला मामा म्हणत होतं. चौघांनी मिळून गॅरेजमध्ये आवाज केला की त्यांना आधी पोस्टर हवं असायचं, गाणी मागाहून. मामा कुणाला नाही म्हणत नसे. आपल्या हातून चूक होत नाही, असं तो म्हणायचा, आणि हे त्याने सांगायला कुणी विचारायची गरज नसे.

शनिवारचा कार्यक्रम मात्र घरचा होता. भाची तीन वर्षांनी स्टेजवर येणार होती. गाडीच्या दारात तिचा डावा हात चिरडला होता, दोन बोटं वाकेनाशी झाली, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. ताईने, म्हणजे तिच्या आईने, आणि मामानेही मनातल्या मनात गिटारीला रामराम ठोकला. भाचीने ठोकला नाही. तिने तारा उलट्या क्रमाने चढवल्या, गिटार उलटी धरली आणि उजव्या हाताने दाबायला, डाव्याने छेडायला पहिल्यापासून शिकली. एवढ्या काळात तिने कुणाला फोटो काढू दिला नाही. मग एक काढू दिला आणि तो मामाला देत म्हणाली, "हाच मोठा लाव. लोकांना काय बघायचंय ते पोस्टरवर बघून घेऊ देत. शनिवारी सगळे माझ्या हाताकडे टक लावून बसले ना, तर माझ्याने वाजवणं व्हायचं नाही."

मामाने मान डोलावली. कामाला बसल्यावर बघतो तर गिटारीचा दांडा कागदाबाहेर चाललेला. पोस्टरवरचा माणूस कागदाच्या आत वळलेला असावा, बाहेर नाही, हा त्याचा जुना नियम. त्याने एक बटण दाबलं, फोटो पलटला, गिटार अक्षरांकडे वळली. असे त्याने कितीतरी गायक पलटले होते. एखाद्याचा भांग डावीकडचा उजवीकडे गेला म्हणून कोण भांडायला येतं? दोनशे पोस्टरं छापून झाली आणि भिंतींवर गेलीसुद्धा.

कळलं ते गुरुवारी, केस कापताना. सलूनवाल्याने एक पोस्टर मागच्या भिंतीवर लावलं होतं. समोरच्या आरशात त्यातली अक्षरं उलटी दिसत होती, त्यात नवल नव्हतं. पण आरशातली भाची अगदी बरोबर होती. मामाने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथे ती डाव्या हाताने तारा दाबत होती, अपघाताआधी दाबायची तशी. मामा एका बाजूचेच केस कापलेल्या अवस्थेत उठला आणि घराकडे निघाला.

दारातल्या पायरीवर भाची बसली होती. सरावाहून परस्पर आलेली, शेजारी गिटार, मांडीवर पोस्टर.

"अगं, छापखान्यात घोळ झाला," तिने काही विचारायच्या आत मामा म्हणाला. "उलटं छापलं त्यांनी."

छापखानेवाला त्याचा वीस वर्षांचा मित्र. त्याच्या माथी खापर फोडताना मामाची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

भाचीने पोस्टर नीट निरखलं. "मग अक्षरं कशी सरळ आहेत?"

अख्खा जन्म पोस्टरांत काढलेल्या माणसाला एवढं सुचू नये? मामाचे कान तापले. तोंड लपवावं म्हटलं तर घराचं दार तिच्या पाठीमागे होतं.

"मीच केलं," तो म्हणाला. "सवयीने."

"पलटलंस सवयीने, समजलं. पण पलटल्यावर बघितलंस ना? तू टिंबसुद्धा तीनदा बघतोस. काहीच खटकलं नाही?"

लक्ष गेलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण एका खोट्यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, दुसरं तोंडातून निघेना.

"नाही खटकलं," तो म्हणाला. "बरंच वाटलं. फार दिवसांनी तू नीट दिसलीस."

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तीन वर्षं तो दर रविवारी तिच्या खोलीत बसून तिचा सराव ऐकत होता, छान छान म्हणत होता, आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. तिची बोटं त्याने एकदाही धड पाहिली नव्हती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"बाहेरच्यांनी बघितलं तर कसं होईल, याचीच मला भीती होती," भाची म्हणाली. "घरातलं माणूस बघतच नाही, हे माहीत नव्हतं."

"मी उद्याच नवीन छापतो. सगळी जुनी स्वतः काढतो भिंतींवरून."

"छाप. आता बस इथे."

तो खालच्या पायरीवर बसला. तिने गिटार काढली, उलटी धरली आणि वाजवायला लागली. ताठ राहिलेली दोन बोटं तारांच्या वर निघालेली, अंगठा आणि पहिलं बोट तेवढं राबत होतं. मामाची नजर खाली गेली. भाची थांबली. त्याने वर पाहिलं तशी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो पुन्हा खाली बघू लागला, ती पुन्हा थांबली.

गाणं चार मिनिटांचं होतं. ते पुरं व्हायला बराच वेळ लागला.